अँटेनाचं तोंड

९ जून

चि. माकडोबास आशीर्वाद, आणि त्याच्या आधी एक धपाटा. दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आमच्या टीव्हीला मुंग्या लागल्यात. टीव्ही तू बसवलास, तेव्हा मुंग्याही तूच घालवायच्या.

गेल्या वर्षी तू अँटेना लावून गेलास तेव्हा चित्र कसं आरशासारखं होतं! आता बातम्या देणाऱ्या बाईला नाक आहे की नाही तेही कळत नाही. मला एक वेळ चालेल, पण सासूबाईंचं काय करू? तुझे भावोजी मालवाहू जहाजावर गेल्यापासून त्यांचा नेम आहे: संध्याकाळी हवामानाचा नकाशा बघायचा, वादळाचा भोवरा आपल्या मुलाच्या समुद्रावर नाही ना याची खात्री करायची, मगच जेवायचं. या खळग्यात रेडिओ नुसता शिट्ट्या मारतो. आता त्या पडद्याला नाक लावून बसतात आणि मुंग्यांमध्ये वादळ शोधतात. परवा म्हणाल्या, "हा बघ, हा भोवराच आहे." मी म्हटलं, "आई, तो सगळीकडेच आहे." रात्रभर जप करत बसल्या.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. अँटेना आपोआप फिरतो. तू त्याचं तोंड दोन डोंगरांमधल्या खिंडीकडे ठेवलं होतंस ना? मागच्या आठवड्यात बघते तर तो घराकडे वळलेला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून उभा. मी शिडी लावून सरळ केला. चार-पाच दिवसांनी पुन्हा तसाच. वारा म्हणशील तर वारा पडलेला आहे.

घरात आम्ही दोघी बायका. मागच्या बाजूला दगडी भिंत, भिंतीमागच्या मातीत रोवलेला अँटेनाचा खांब, आणि त्याच्या वर नुसता डोंगर. तिथे कोण येणार आणि कशाला? तू दोन दिवस येऊन जा.

तुझी ताई


१७ जून

ताई,

नमस्कार करतो, धपाटा मिळाला. उशीर झाला खरा. कामं एवढी अंगावर आहेत की श्वास घ्यायला फुरसत नाही. लगेच येणं जमणार नाही, पण लिहितो तसं कर, मुंग्या पळतील.

तुमच्याकडे टॉवर थेट दिसत नाही, खिंडीतून जेवढं झिरपतं तेवढंच मिळतं. म्हणून मी जास्त काड्यांचा मोठा अँटेना लावला. तो लांबचं पकडतो पण स्वभावाने हट्टी, नाकासमोरचंच बघतो. तोंड जरा वाकडं झालं की संपलं. खांबावर त्याच्या खाली जी छोटी डबी बांधली आहे तो बूस्टर. अँटेनाने पकडलेलं चित्र वायरीतून येता येता गळून जाऊ नये म्हणून तो वरच्या वरच त्याला जोर देतो. पण अँटेनानेच काही पकडलं नाही तर बूस्टर बिचारा काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट तो मुंग्यांनाच जोर देतो.

तेव्हा आधी तोंड सरळ कर. नट घट्ट आवळ, मी तेव्हा घाईत ढिला ठेवला असेल. डबीत पाणी शिरलंय का बघ. तिला वीज त्याच वायरीतून जाते, टीव्हीमागच्या पॉवरच्या डब्यातून, त्याचा लाल दिवा लागतोय ना? आणि वायर खिडकीतून आत शिरण्याआधी खाली छान झोळ ठेव, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून ठिबकून जाईल. टीव्हीमागे मी जादा वायर गुंडाळून ठेवली आहे, त्यातली बाहेर सोड.

तू स्वतः शिडीवर चढू नकोस. पावसात शिडी सटकते. गवंडीकाकांना सांग. आणि अँटेना कुणी फिरवत नाही, त्याला काय तुझ्या फोडण्या बघायच्या आहेत?

तुझा भाऊ


२ जुलै

चि. माकडोबा,

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. शेजारचे गवंडीकाका आले, पाना घेऊन वर चढले आणि नट इतका आवळला की म्हणाले, "आता हा फिरला तर माझं नाव बदला." डबीत पाणी नव्हतं. स्क्रूवर हिरवट गंज चढला होता, तो खरवडला. वायर आतून ओढून बाहेर चांगला कोपरापर्यंत झोळ सोडला. चित्र असं आलं की सासूबाईंनी टीव्हीलाच हात जोडले. आठ दिवस त्या पोटभर जेवल्या.

आणि मग पुन्हा मुंग्या. अँटेना पुन्हा माझ्या खिडकीकडे.

हसू नकोस. काका म्हणतात वानरं असतील. मी खांबाभोवती राख पसरली. राखेवर ना पंजा, ना पाऊल. तरी दोन दिवसांत अँटेना आणखी वळला. आणि तू सांगितलेला झोळ राहिलाच नाही रे! वायर एखाद्या दोरीसारखी ताणली आहे, धुणं वाळत घालावं अशी. मी आत टीव्हीमागे बघितलं. तिथली वायरही खेचून खिडकीच्या खिळ्याशी गच्च झाली आहे. जणू बाहेरून कुणीतरी थोडी थोडी ओढून घेतंय.

मागच्या खोलीचं दार उघडत नाही. ढकललं की पलीकडून कुणी पाठ लावून बसल्यासारखं वाटतं. काका म्हणतात पावसाने लाकूड फुगलं. दुपारी जमिनीतून टक्कन आवाज येतो, फरशीखाली कुणी बोट मोडल्यासारखा. सासूबाईंना ऐकू कमी येतं म्हणून त्यांना काही सांगत नाही. मी मात्र भाजी चिरताना पाठ भिंतीला लावून बसते. खाली रस्ता रुंद करायचं काम चाललंय, दिवसभर यंत्रं डोंगराचा पाय खरवडतात, म्हणून म्हटलं त्याचे हादरे असतील. पण यंत्रं रविवारी बंद असतात आणि आवाज रविवारीही येतो.

तू का येत नाहीस? लहानपणी माझ्यासाठी विहिरीत उतरणारा तू. आता कुठली एवढी कामं?

ताई


९ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून हसलो नाही. परत परत वाचलं.

एक गोष्ट नीट समजून घे. वायर आखडत नाही. पावसात नाही, उन्हात नाही. तुमच्यापैकी कुणी ती खांबाला पुन्हा गुंडाळली का? नसेल, तर अँटेना कुणी हाताने फिरवत नाहीये. वायर मी अँटेनाच्या दांडीलाच बांधली होती, ती ताणली की त्याला घराकडे ओढते. मग ती ताणली कशाने, एवढाच प्रश्न राहतो.

असं कर. एका दोऱ्याला किल्ली बांध, खांबाच्या वरच्या टोकाशी सोड आणि बघ, खाली किल्ली खांबाला चिकटून राहते की लांब जाते. दुसरं, वायर झोळासकट पुन्हा सैल सोड आणि खिडकीच्या चौकटीपाशी तिच्यावर नेलपॉलिशची खूण कर. तिसरं, भिंत आणि घर यांच्यामधलं अंगण पायाखाली घालून बघ. कुठे फट, कुठे उंचवटा, काहीही.

काळजीचं कारण नाही, सहज विचारतोय. पण उलट टपाली लिही. आणि खाली रस्त्याचं खोदकाम नेमकं तुमच्या घरांच्या ओळीखालीच आहे का, तेही लिही.

भाऊ


१५ जुलै

चि. माकडोबा,

"काळजीचं कारण नाही" असं तू लिहितोस तेव्हा तुझं अक्षर कसं होतं ते मला माहीत आहे. परीक्षेत नापास झालास तेव्हा वडिलांना असंच लिहिलं होतंस.

किल्ली बांधली. खांब उभाच आहे, वर मात्र जरासा घराकडे झुकलाय. वायर सैल करून खूण केली. सकाळी खूण चौकटीवर होती, दुसऱ्या दिवशी ती खिडकीबाहेर गेली. काल ती आणखी हातभर पुढे होती. आज सकाळी डबीच्या स्क्रूतून वायरच निसटली आणि टीव्ही एकदम मुका झाला.

अंगणात फट आहे. भिंतीच्या पायाशी नाही, मध्येच, तुळशीच्या कुंडीपासून कपडे धुण्याच्या दगडापर्यंत. आधी मला वाटलं पाण्याची वाट असेल. हात घातला तर मनगटापर्यंत गेला. आतून थंड वारा येत होता. मी हात असा झटक्याने काढला की बांगडी फुटली.

काकांना दाखवली. त्यांनी सिमेंट कालवून बुजवली. म्हणाले, "भेगा कुठल्या घराला नसतात? माणसाच्या टाचेलासुद्धा असतात." दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या मधोमध नवी फट. काकांनी उकिडवं बसून तिच्यात काडी घालून बघितली. मग म्हणाले, "भिंत माझ्या हातची आहे. भिंत हलायची नाही." मी भिंतीचं विचारलंच नव्हतं.

खोदकाम आमच्या ओळीच्या बरोबर खाली आहे.

वायर पुन्हा जोडून घेतली, कारण रेडिओवाल्यांनी म्हणे वादळ सांगितलंय आणि सासूबाई नकाशासाठी हट्टाला पेटल्यात. मला आता माणसाची भीती वाटत नाही. कशाची वाटते ते कळत नाही, आणि ते जास्त वाईट आहे.

ताई


तार, १८ जुलै

घर आजच सोडा. सासूबाईंना घेऊन ओढ्यापलीकडे जा. ओळीतल्या सर्वांना सांग. पत्र मागून. भाऊ


१८ जुलै

ताई,

तार मिळाली असेलच. मिळाली आणि तू अजून त्याच घरात बसून हे वाचत असलीस, तर आधी ऊठ, बाहेर जा, मग पुढचं वाच.

खांब तिथेच आहे. घर चाललंय. खाली डोंगराचा पाय कापला, वरून पाऊस मुरला, आणि तुमची सबंध ओळ भिंतीपासून सुटून हळूहळू खाली सरकतेय. खांब आणि खिडकी यांच्यातलं अंतर वाढतं म्हणून वायर ताणते. दार त्यामुळेच अडकतं. फरशीखालचा आवाज त्याचाच. मी मूर्खासारखा तुला नट आवळायला सांगत बसलो.

तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावला, लागत नाही. रस्त्याच्या कचेरीत लावला. तो माणूस म्हणाला, "तुम्ही कोण?" म्हटलं, "अँटेना लावतो." म्हणाला, "मग डोंगराचं कसं सांगताय? सोमवारी माणूस पाठवतो." सोमवार कुणी पाहिलाय?

सासूबाई हलायला तयार होणार नाहीत, मला माहीत आहे. खोटं बोल. काहीही बोल. गवंडीकाकांना बाहेर काढ. सामानाला हात लावू नकोस.

मी आलो असतो, पण

वन्सं, पुढचं मी लिहिते, यांच्याने लिहवत नाहीये. हे एप्रिलमध्ये गच्चीवरून पडले. अँटेना लावताना पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं, अजून प्लास्टर आहे. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. काल तुमचं पत्र वाचलं आणि पलंगावरून उतरून दारापर्यंत सरपटत गेले, "मी निघतो" म्हणत. शेजाऱ्यांनी उचलून परत आणलं. तुम्ही फक्त बाहेर पडा, वन्सं. देवाशपथ बाहेर पडा.


२६ जुलै

भावड्या,

आम्ही जिवंत आहोत. सासूबाई आणि मी. हे पहिलं लिहिते, कारण तू बाकीचं नीट वाचू शकणार नाहीस.

तार सकाळी आली. तारवाला म्हणाला, "वाईट बातमी नाही ना?" मी म्हटलं, "अजून नाही." सही केली ती त्याच्या वहीबाहेर गेली.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा वादळात आणि मी घर टाकून पळू? संध्याकाळचा नकाशा बघितल्याशिवाय मी या खुर्चीतून उठणार नाही." मी पाया पडले, रडले, ओरडले. शेवटी टीव्हीमागे गेले आणि पॉवरच्या डब्याची पिन काढून पदरात लपवली. बूस्टरची वीज गेली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हटलं, "आई, आपला टीव्ही मेला. ओढ्यापलीकडे शाळेत टीव्ही आहे, तिथून खिंड समोर दिसते, चित्र लख्ख येतं. नकाशा बघायचा तर तिथेच." लगेच चष्मा मागितला.

मग ओळीतल्या घरोघर गेले. तार दाखवली, अंगणातली फट दाखवली. लेकुरवाळ्या बाया लगेच निघाल्या. पुरुष आधी हसले. मग एकाने आपलं मागचं दार ढकलून बघितलं, उघडेना. त्यानंतर कुणी हसलं नाही.

सासूबाईंना ओढ्यावरून न्यायचं कसं? पाणी गुडघ्याला होतं. गवंडीकाका आले, पाठमोरे बसले आणि म्हणाले, "बसा वहिनी. तुमच्या मुलाच्या लग्नात तुम्ही मला मानाची टोपी दिली नव्हती, तरी नेतो." त्या म्हणाल्या, "द्यायची राहिली, उद्या देते." अख्खा ओढा दोघं टोपीवरून भांडत गेली.

शाळेत पोचल्यावर मी काकांचा हात धरला. "काका, आता जाऊ नका." ते म्हणाले, "चार टेकू लावून येतो. ओळ गेली तर गेली, पण भिंत वरून घरांवर पडली तर लोक म्हणतील, गवंड्याने मारली. मी बांधली आहे ती." मी म्हटलं, "घरांत कुणी नाहीये आता." म्हणाले, "म्हणूनच तर निवांत काम होईल." मी हात सोडला. मी तो का सोडला, भावड्या?

हवामानाचा नकाशा लागला. सगळी ओळ त्या वर्गात बाकांवर कोंबून बसलेली. चित्र खरंच लख्ख होतं. भोवरा तुझ्या भावोजींच्या समुद्रापासून वर वळला होता. सासूबाईंनी "हुश्श" केलं आणि त्यांच्या त्या हुश्शनंतर आवाज आला. खूप मोठा नव्हता. गाडीभर खडी ओतावी तसा, फक्त थांबेना. दिवे गेले. पोरं किंचाळली. मी दाराशी धावले. अजून उजेड होता. आमच्या छपरापलीकडची भिंत मला दिसत होती. आधी शेजारचं घर खाली बसलं, हळू, म्हातारं माणूस बसतं तसं. मग आमचं. मग सगळी ओळ. आणि शेवटी भिंत वाकून त्यांच्यावर आली. धुळीत काही दिसेना. खांब तेवढा उभा होता, तोही मग दिसेनासा झाला.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. खांद्यावर टेकूचा वासा तसाच होता.

सासूबाई तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीत. मला वाटलं मी खोटं बोलले म्हणून असेल. काल पिन त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती मुठीत धरली आणि म्हणाल्या, "त्या गवंड्यालाही असंच काहीतरी खोटं सांगायचं होतंस." एवढंच.

आमचा डोंगर बातम्यांत दाखवला म्हणे. तुझ्या भावोजींचं जहाज वादळ चुकवायला कुठल्याशा बंदरात थांबलं होतं. तिथल्या टीव्हीवर त्यांनी आमची ओळ बघितली, माती झालेली. कंपनीकडून निरोप आला: दोघी आहात का? दोन दिवस तो माणूस परक्या बंदरात पडद्यासमोर बसून होता. आम्ही आजवर त्याच्यासाठी जसं बसायचो तसा.

आम्ही शाळेतच आहोत. भीती गेली असं वाटतं का तुला? मी दर थोड्या वेळाने भिंतीवर तळवा ठेवते. बाक सरकला तरी दाराकडे धावते. दार घट्ट लागलं की मी किंचाळते, म्हणून बायांनी दाराखाली वीट ठेवली आहे, ते बंदच होत नाही.

तू पडलास आणि मला सांगितलं नाहीस. रागवायलासुद्धा माझ्यात आता जोर नाही. फक्त पाय बरा झाला की ये. अँटेना, वायर, काही आणू नकोस.

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

काल प्लास्टर काढलं. पाय काडीसारखा झालाय, काठी लागते. तुझं पत्र मी रोज वाचतो आणि रोज "मी हात का सोडला" इथे येऊन थांबतो. मीही काकांचा हात सोडला असता. त्यांच्यासारख्या माणसाचा हात धरून ठेवायचा म्हणजे ताकद लागते, ती तुझ्यामाझ्यात नाही.

आता माझं सांगतो. मी कामाला जात नाही. पाय हे निमित्त. पडलो त्या दिवसापासून मला उंचीची भीती बसलीय. जिन्याच्या मधल्या पायरीवर घाम फुटतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं तर तुझी वहिनी चढते आणि मी खाली तिचे पाय धरून उभा राहतो. माकडोबा झाडावरून उतरला, ताई. परत चढेलसं वाटत नाही. हे मी तुला लिहीत नव्हतो, कारण तू मला विहिरीत उतरणारा समजत होतीस. खरं तर तेव्हाही मी डोळे मिटूनच उतरलो होतो.

परवा सकाळच्या गाडीने निघतोय. रस्ता तुटलाय, शेवटचा टप्पा डोंगरावरच्या पायवाटेने आहे असं कळलं. एका बाजूला दरी. वहिनी म्हणते, मी पुढे चालते, तुम्ही माझ्या पाठीकडे बघत या. बघू. मध्येच खाली बसलो तर बसलो, पुन्हा उठू.

तुम्हा दोघींना घेऊन इकडे यायचं आहे. आमचं घर तळमजल्यावर आहे, आजूबाजूला सपाट जमीन. तरीही तू भिंतीला हात लावशील, मला माहीत आहे. लाव. मीही लावतो हल्ली.

पोचायला उशीर झाला तर घाबरू नकोस, असं लिहिणार होतो. पण घाबरशीलच. तर घाबर, आणि जाग. वर्गात दाराजवळची जागा माझ्यासाठी ठेव, तुझ्या शेजारची.

तुझा भाऊ